नाव आणि अर्थाशेजारी भाषाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळाच्या आगळ्यावेगळ्या नावांच्या याद्या हल्ली पुरवण्यांतून आणि मोबाईलवरून घरोघरी पोचतात. त्यांत दोन रकाने असतात, नाव आणि अर्थ. आमची विनंती एवढीच, की तिसरा रकानाही छापावा: भाषा. आम्ही सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू शिकवलेले शिक्षक आहोत. नाव निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका या एका रकान्यानं टळतील, असं आमचं ठाम मत आहे.

'आरव' घ्या. याद्यांमध्ये अर्थ दिलेला असतो 'शांत'. संस्कृतात 'रु' धातूचा अर्थ आवाज करणं. त्यावरून 'रव', आणि 'आरव' म्हणजे ध्वनी, हाक, गलबला. म्हणजे छापलेल्या अर्थाच्या अगदी उलट. ज्यांनी हे नाव ठेवलंय त्यांनी ते बदलायचं काहीच कारण नाही. बाळाचा पहिला टाहो हाही आरवच. फक्त अर्थ खरा सांगावा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू आजीला मात्र याच्या जवळचा 'अरवम' हा शब्द ऐकून तमिळ भाषा आठवेल, हेही लक्षात असू द्यावं.

'रेयांश'चा अर्थ 'किरणाचा अंश' असा छापतात. शिव अधिक अंश शिवांश, सूर्य अधिक अंश सूर्यांश, हे बरोबर, कारण 'अंश'च्या आधीच्या शब्दाला स्वतःचा अर्थ आहे. 'रेय' म्हणजे किरण असं संस्कृतात कुठेच नाही. तो इंग्रजी 'रे' आहे. किरणच हवा असेल तर मयूख, मरीची, अंशुमान ही घडीव नावं केव्हाची तयार आहेत आणि आज वर्गात क्वचितच ऐकू येतात.

परदेशी नावांत गोंधळ आणखी वाढतो, कारण दोन वेगळी नावं आपल्याकडे येताना एकाच अक्षरांत बसतात. 'कियारा'चा अर्थ एका यादीत 'तेजस्वी', दुसरीत 'काळ्या केसांची'. इटालियन किआरा म्हणजे स्वच्छ, उजळ. आयरिश नाव रोमन लिपीत जवळपास तसंच दिसतं, पण त्याचा उच्चार 'कीरा' आणि अर्थ काळी, सावळी. यादी करणाऱ्यानं दोन्ही एकत्र केली. उर्दूतल्या 'सना'चंही तेच. 'सीन' अक्षरानं लिहिली तर तेज, 'से' अक्षरानं लिहिली तर स्तुती. देवनागरीत दोन्हीला एकच 'स', म्हणून उर्दू लिहिता येणाऱ्या माणसाकडून एकदा अक्षर विचारून घ्यावं. 'अब्दुल' हे एकटं नाव तर अपुरंच आहे. त्याचा अर्थ '...चा बंदा', पुढे रहमान किंवा करीम यायलाच हवा. अर्जाच्या रकान्यांत हे दोन तुकडे वेगळे पडतात आणि कागदावर नुसता 'अब्दुल' उरतो. म्हणून 'अब्दुर्रहमान', 'अब्दुलकरीम' असं जोडूनच लिहावं.

हवाईयन भाषेत 'काइ' म्हणजे समुद्र. नाव सुरेख आणि छोटं. पण देवनागरीत ते नीट उतरतच नाही. 'काय' लिहिलं की प्रश्न झाला, 'काई' लिहिलं की हिंदीतलं शेवाळ, आणि कुणी 'कै' लिहिलं तर मराठी माणूस ते 'कैलासवासी' असंच वाचणार. जन्मदाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नोंदी असतात, म्हणून नाव ठरवण्याआधी दोन्ही लिपींत हातानं लिहून घरातल्या तिघा-चौघांना मोठ्यानं वाचायला द्यावं.

काही नावांना नुसता अर्थ नसतो, प्रसंगही असतो. घानातल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव पडतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, शुक्रवारची मुलगी एफुआ. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान शुक्रवारी जन्मले आणि त्यांच्या जुळ्या बहिणीचं नावही एफुआ होतं. मंगळवारच्या बाळाला 'कोफी' ठेवणं म्हणजे आपल्या आदिवासी पाड्यावरच्या शुक्र्याला मंगळ्या म्हणण्यासारखं. नायजेरियातल्या योरुबांमध्ये ताइवो आणि केहिंदे ही जुळ्यांचीच नावं, आधी येणारं ताइवो, मागून येणारं केहिंदे. एकट्या बाळाला ती शोभत नाहीत.

आणि आपल्या दगडू, धोंडू, केरू या नावांना हसण्याआधी हे पाहावं: आधीची मुलं दगावलेल्या घरात नवं मूल कुणाच्या नजरेत भरू नये, ते टिकावं, म्हणून ही नावं ठेवत. तुर्कीत याच काळजीतून 'दुर्सुन' हे नाव आलं, अर्थ 'राहू दे'. योरुबांचं 'मालोमो' म्हणजे 'पुन्हा जाऊ नकोस'. मुलींच्या वाट्याला मात्र दुसरंच आलं. तुर्कीतलं 'येतेर' म्हणजे 'पुरे', आणि आपल्याकडची नकुशी. सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये अडीचशेहून अधिक नकुशींची नावं समारंभानं बदलली गेली, इतकं ते नाव मुलींना जड झालं होतं.

शेजारच्या घरातला ठेवा मात्र कुणी पाहत नाही, याचं वाईट वाटतं. तेलुगूत 'वेन्नेला' म्हणजे चांदणं. कन्नडमध्ये 'इंचरा' म्हणजे मंजुळ स्वर आणि 'सिरी' म्हणजे समृद्धी. सोलापुरात यांचा उच्चार आणि अर्थ तपासून घ्यायला गल्ली ओलांडली की पुरे.

अक्षराचा आग्रह हेही विचित्र नावांचं एक मोठं कारण आहे. 27 नक्षत्रांचे चार-चार चरण, म्हणजे 108 अक्षरं. त्यांत आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला 'ङ', हस्ताच्या तिसऱ्याला 'ण', उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला 'ञ' येतं. या अक्षरांनी मराठीत नाव सुरूच होत नाही, मग ओढूनताणून काहीतरी बनवलं जातं. जन्मनाव पत्रिकेत आणि व्यवहाराचं नाव दाखल्यावर, ही जुनी रीत यासाठीच आहे.

घाई तर अजिबात नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. एकदा लिहिलेलं नाव मात्र नुसतं आवडेनासं झालं म्हणून बदलून मिळत नाही. 1969 च्या कायद्याच्या कलम 15 खाली चूक दुरुस्त होते, आवड नव्हे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला लागणार आहे. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. चार शब्दांच्या त्या ओळीत बाळाचं नाव आटोपशीर असलेलं बरं.

इंग्रजी स्पेलिंग पहिल्याच दिवशी ठरवावं. तेलुगू आणि कन्नड घरांत 'त'साठी टी-एच लिहितात. तीच 'स्वाती' पुढे मराठी यादीत 'स्वाथी' होऊन परत येते. 'ज्ञ'साठी मराठीत डी-एन-वाय, हिंदीत जी-वाय, तेलुगूत जी-एन, कन्नडमध्ये जे-एन. 'ज्ञानदा'चं शिक्षण सोलापूर, हैदराबाद आणि बंगळूर अशा तीन ठिकाणी झालं, तर दाखल्यावरचं स्पेलिंगच सगळीकडे धरून ठेवावं लागेल.

आपल्या पुढच्या यादीसाठी नमुना म्हणून दोन ओळी देतो. नीर: संस्कृत, पाणी, हिब्रू, नांगरलेलं शेत. माया: संस्कृत, भ्रम, मराठी, जिव्हाळा. जागा एवढीच लागते.

आपले,
काही निवृत्त भाषाशिक्षक, सोलापूर