ढेकणाची तिसरी मिशी

अमळनेर
१८ जानेवारी

प्रिय सुन्या,

कसा शे भो? मी बरा. गुडघे कुरकुरतात, साखर काबूत आहे. आता मुद्द्याचं.

कान तुटलेल्या कपाचा फोटो प्रदर्शनातून परत आला. कारण ऐक : ‘किड्याला तीन मिशा असल्याने चित्र एआयने बनवलेले दिसते. मूळ फाइल पाठवावी.’ सोमवारपर्यंत. घरात सांगितलं तर सगळे खो खो हसले. पोरगा म्हणतो, “पप्पा, तिसरी मिशी पुसून टाका ना, दोन मिनिटांचं काम!” तेव्हाच ठरवलं, सुन्याला लिहायचं.

कप तोच, बोर्डिंगातला, निळ्या काठाचा. काठावर कपाशीतला लाल ढेकूण, बोंडासकट घरी आणलेला. थंडीत पहाटे ही जात गारठून बसते, ऊन लागेपर्यंत हलत नाही, तेवढ्यात उरकायचं. खिडकीला बटर पेपर लावला, नाहीतर कपाच्या चकाकीत गजांसकट अख्खी खिडकी उमटते. पांढरा कप पांढऱ्या भिंतीत विरू नये म्हणून शेजारी काळा पुठ्ठा. पुठ्ठ्याची अक्कल तुझीच, कबूल.

पुढचं तुला पटणार नाही. एकास एक मॅक्रोला, म्हणजे किडा सेन्सरवर जेवढ्यास तेवढा उतरतो तेव्हा, लेन्सचं छिद्र एफ ८ वर ठेवून जेमतेम मिलीमीटरभर शार्प मिळतं. ढेकणाचा डोळा आला की पाठ गेली, कपाचा काठ तर विसरच. छिद्र बारीक करत एफ २२ ला नेलं तर डिफ्रॅक्शनने, म्हणजे प्रकाश पसरून, सगळंच सादळलेल्या पापडासारखं मऊ. म्हणून कॅमेरा रेलवर केसभर केसभर सरकवत ढीगभर फ्रेम घ्यायच्या आणि प्रत्येकीतला शार्प तेवढा भाग कॉम्प्युटरवर जोडायचा. यालाच स्टॅकिंग म्हणतात, तू ‘गोधडी’ म्हणतोस. तर मध्येच स्वारीने एक मिशी हलवली. आधीच्या फ्रेममध्ये ती वर, नंतरच्यांत खाली, जोडल्यावर दोन्ही आल्या. मी मुद्दाम राहू दिल्या. गडी जिवंत होता, एवढं तरी दिसतं.

आता मिशी पुसली तर फोटो खरा, ठेवली तर खोटा! आणि ‘मूळ फाइल’ म्हणजे नेमकी कुठली रे? डोळ्याची पाठवू की काठाची?

चाळीसगावला फोटोग्राफर केकी मूसांच्या घरी आपलं यावरूनच वाजलं होतं. मूस जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती (ते १९८९ ला गेले), भिंतीवर त्यांचे टेबलटॉप. मी म्हणालो, हा माणूस घराबाहेर न पडता टेबलावर अख्खी दुनिया मांडतो ते चालतं, मग मी पद्मालयाच्या तळ्यावर दुसऱ्या निगेटिव्हमधले ढग आणले तर काय बिघडलं? तू सगळ्यांसमोर ओरडलास, “मांडायचं ते शटरच्या आधी! नंतरचं सगळं शिवणकाम!” परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत तोंडातून शब्द नाही, शेंगदाणे मात्र माझेच संपवलेस.

इतकी वर्षं तुझ्या त्या वाक्याला हसलो. पण हल्ली रात्री त्या फ्रेम एकेक उघडून बसतो. एकीतसुद्धा तो कप आणि तो ढेकूण मी पाहिले तसे एकत्र नाहीत. एकीत नुसता डोळा, एकीत काठावरचा टवका, बाकी धुकं. मग त्या पहाटे मला दिसलं ते कुठे आहे? जोडलेल्यातच ना? असं म्हणतो आणि लगेच तुझा तो आवाज ऐकू येतो. झोप गेली पार.

सगळ्या फ्रेम पाठवाव्यात, तर त्या उघडून बघायला कोणाला वेळ आहे? फोटो मागे घ्यावा, तर चोरी कबूल केल्यासारखं. पुसायची तर नाहीच, त्यावर मी पोरावर खेकसलोय, आता माघार नाही. आते तूच सांग काय करू. तू माझ्या विरुद्ध बोललास तरी चालेल, पण ज्याला मिशी का आली हे कळतं त्याने बोलावं.

चिनूचं लग्न ठरलं, फार बरं वाटलं. तारीख कळव, केळीच्या हंगामात धरू नकोस. वहिनींच्या हाताचं प्लास्टर निघालं का? कळण्याचं पीठ आणि बामणोदची वांगी पाठवतोय. भरीत गॅसवर करू नका.

लिहूनच कळव. फोनवर तू भांडतोस.

तुझा,
मन्या

ता. क. माझी रिव्हर्स रिंग, लेन्स उलटी बसवायची ती, तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस, सुपारीच्या डबीत होती. लग्नाला येईन तेव्हा घेईन.