एक्स्चेंजला सोफा देण्याआधी

मँचेस्टर, २ जुलै

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, दुकानदार आपला सागवानी सोफा एक्स्चेंजमध्ये घेऊन नवा एल-शेप देतोय असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी घाईत नुसतं "थांबा" म्हटलं. फोनवर एवढं सगळं सांगणं जमलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

इथे विद्यार्थ्यांचे बरेचसे भाडेकरार जूनअखेरीला संपतात. त्या आठवड्यात फॅलोफील्ड भागातल्या फुटपाथांवर जागोजागी सोफे टाकलेले दिसतात. परवा त्यातला एक मी थांबून नीट बघितला. हात फाटला होता आणि आत लाकूड नव्हतंच. भुशाचा बोर्ड, पुठ्ठा आणि त्यात ठोकलेल्या पिना, बस्स. पावसाने फोम फुगला होता. बैठकीखाली पांढऱ्या लेबलचं फक्त टोक उरलं होतं, बाकीचं कात्रीने कापलेलं.

त्या कापलेल्या लेबलनेच त्या सोफ्याचं नशीब ठरवलं. ८ मे १९७९ला इथल्याच वूलवर्थ्सच्या दुकानात फर्निचर विभागात आग लागली आणि दहा माणसं गेली. सोफ्यातला पॉलियुरेथेन फोम पेटला की त्याचा धूर किती विषारी असतो, ते तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं. पुढे १९८८मध्ये कायदा झाला: फोम आणि कापड सहज पेटता कामा नये आणि तसं सांगणारं लेबल सोफ्यावर कायमचं हवं. लेबल नसेल तर धर्मादाय संस्थासुद्धा तो सोफा विकू शकत नाहीत. लोक मात्र टोचतं म्हणून ते लेबल कापून टाकतात. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या धर्मादाय संस्थेची गाडी घरी येऊन सोफा फुकट नेते, पण लेबल बघूनच.

आणि आग अडवायला जी रसायनं घातली, त्यांतली काही निसर्गात वर्षानुवर्षं टिकतात आणि शरीरात साठतात असं नंतर कळलं. त्यामुळे जानेवारी २०२३पासून इंग्लंडमध्ये असा टाकाऊ सोफा पुरायला बंदी आहे. वेगळा ठेवून भट्टीत जाळावाच लागतो. तो खर्च कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या माथी, म्हणजे शेवटी लोकांच्याच.

मी शनिवारी जुन्या फर्निचरच्या एका धर्मादाय दुकानात मदतीला जाते, हे आईला माहीत आहे. गेल्या महिन्यात दोन लेकरांना घेऊन एक बाई आली होती. तिला नुकतं कौन्सिलचं घर मिळालं होतं. अशी घरं बहुतेक रिकामीच मिळतात. सामानासकट दिलेली सरकारी घरं साऱ्या देशात जेमतेम २ टक्के असतील. मुलं जमिनीवर बसून जेवतात म्हणाली. आपल्याकडे त्यात काही वावगं नाही, पण इथल्या थंडीत, उघड्या फरशीवर, सतरंजीसुद्धा नसताना? त्या दिवशी आमच्याकडे तिला देण्याजोगा एकही सोफा नव्हता, आणि घरी परतताना मला रस्त्यावर तीन दिसले. आई, त्या रात्री मला जेवण गेलं नाही गं. एकीकडे वस्तू आहे, दुसरीकडे गरज आहे, आणि मधला दुवा कोणीतरी कात्रीने कापलाय. म्हणूनच टाकलेल्या सोफ्याकडे मला नुसता कचरा म्हणून बघता येत नाही. सतत घरं बदलणारी माणसं, दुरुस्त होऊच नये अशा बेताने बनवलेल्या वस्तू, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही ते शेजारी, हे सगळं त्यात दिसतं.

आपल्याकडे लेबलची अडचण नाही, पण भंगारवाला लोखंड नेतो, लाकूड नेतो. फोम कोण घेणार? तो कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर पडतो आणि कधीतरी पेटवला जातो. त्याचा धूर तुमच्याच खिडकीतून घरात येतो.

बाबा, आपल्या सोफ्याचे सांधे अजून हलत नाहीत. खराब झाल्यात त्या गाद्या. सोफा रिपेअरवाला घरी येऊन ४० डेन्सिटीचा फोम घालून नवी कव्हरं शिवून देईल. शिवाय एल-शेप बुटका आणि खोलगट असतो. गुडघे दुखत असताना त्यातून उठायला तुम्हाला दर वेळी कोणाचा तरी हात लागेल. आपला उंच आहे, आणि त्याच्या लाकडी हातांवर भार देऊन तुम्ही एकटे उठता. मला याचंच सगळ्यात जास्त वाटतं.

तरीही जागा मोकळी हवीच असेल तर माझी ना नाही. पण मग दुकानदाराला देऊ नका. मावशींच्या मुलीने नुकताच नवा संसार थाटलाय, तिला हवा का ते आई, तू आधी विचार. तिला हवा असेल तर टेम्पोचे पैसे मी पाठवते.

दुकानदाराला शनिवारपर्यंत थांबवा. आई, गादी काढून बैठकीची लांबी, रुंदी आणि उंची टेपने मोजून मला व्हॉट्सअॅपवर कळव, म्हणजे मी इथूनच दोघा-तिघा रिपेअरवाल्यांना भाव विचारते. कापडाचा रंग तूच ठरव.

तुमची,
मनू