फ्रिजच्या पोटातली टाकी

अमळनेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साचतं म्हणून फ्रिजच काढायला निघालास? थांब भो. दुकानदार तर नवीन घ्या म्हणणारच. आमच्याकडे भर वैशाखात हेच झालं आणि टाकी मी घरीच बदलली. फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

फ्रिजच्या दारातल्या नळाला येणारं पाणी आधी ड्रॉवरमागच्या टाकीत गार होतं. टाकी जेमतेम लिटर-सव्वा लिटरची. काही फ्रिजांत नुसतं नळीचं वेटोळं असतं. आमच्या टाकीच्या खालच्या कडेला केसाएवढी चीर होती. कोरडी असताना दिसेचना, अंगठ्याने दाबली तेव्हा थेंब आला. बाहेर 44 अंश, म्हणून येणारा-जाणारा थंडीचं बटण वाढवतो, मग टाकीतलं पाणी गोठतं. बर्फ होताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं, तिथे प्लास्टिकचं काय चालणार! आई म्हणाली, "यानापेक्षा माठ बरा शे." नवीन टाकी बसवलीस तरी तापमान 3-4 अंशांवरच ठेव.

आधी मागचा कॉक बंद कर, नळ दाबून लाईनमधला जोर काढ, मग प्लग उपट. टाकी तरीही भरलेलीच असते, खाली परात हवीच. व्हॉल्व्हकडून, म्हणजे फ्रिजमध्ये पाणी सोडणाऱ्या झडपेकडून, येणारी नळी कोणती आणि दाराकडे जाणारी कोणती, ते चिकटपट्टी लावून ठेव. काही टाक्यांना नळ्या कारखान्यातूनच जोडून येतात. त्यांचे जोड फ्रिजच्या मागे किंवा खाली सापडतील.

खरी मेख जोडात आहे. नळीच्या तोंडाशी बारीक कडं असतं. ते नखांनी आत दाबून धरायचं आणि नळी सरळ ओढायची. नुसती ओढलीस तर आतले दात तिला आणखी घट्ट धरतात. टोक कापायला कात्री नको, नळी चपटी होते आणि आतलं रबर तिला नीट धरत नाही. नवं ब्लेड घे, काटकोनात काप. जुनी नळी जेवढी आत होती तेवढ्यावर पेनाने खूण कर आणि खूण दिसेनाशी होईपर्यंत नळी आत ढकल. मग एक हलका झटका देऊन बघ.

गळती तपासताना बूस्टर पंप, म्हणजे पाण्याचा दाब वाढवणारा पंप, चालूच हवा. गच्चीवरची टाकी फ्रिजपेक्षा 10 फूट उंचावर असली तरी दाब येतो 4 पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास, आणि फ्रिजच्या व्हॉल्व्हला साधारण 20 तरी लागतो. पंपाशिवाय कोरडा दिसलेला जोड पंप लावला की ठिबकू शकतो. जोडांभोवती कागद गुंडाळून तासभर थांब, तोवर ड्रॉवर लावू नकोस.

सुरुवातीला नळ हवा थुंकेल, घाबरू नकोस. पहिल्या दोन-तीन कळश्या तुळशीला आणि कुंड्यांना घाल, प्लास्टिकचा वास येतो. गार पाण्याची घाईही नको. गच्चीवरून येतं ते तापलेलंच असतं.

दाराच्या आत मॉडेल नंबरचं स्टिकर असेल, त्याचा फोटो पाठव. मी शनिवारी जळगावला जातोय, टाकी मिळाली तर घेऊन ठेवतो. वहिनींना सांग, तोवर ड्रॉवरमध्ये मेथी ठेवू नका.

तुझाच,
अमळनेरकर