उंची मोजून खेळाडू?

महोदय,
आम्हा दादरकरांना बर्फ माहीत तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. तरी पुतण्याच्या नादाने आईस हॉकी बघू लागलो आणि मार्टिन सेंट लुई हा खेळाडू सापडला. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला कोणी घेतलं नाही, पुढे कॅलगरी संघाने २००० मध्ये सोडून दिलं. २००४ मध्ये टँपा बे संघाकडून त्याने स्टॅन्ली कप हा लीगच्या विजेतेपदाचा चषक जिंकला. त्या मोसमात सर्वाधिक गुणही त्याचेच! निवृत्तीनंतर लहान मुलांना शिकवत होता, तो २०२२ मध्ये थेट एनएचएलमधल्या मॉन्ट्रियल संघाचा प्रशिक्षक झाला.

परवा आमच्या मैदानावरच्या क्रिकेट निवड चाचणीत एका पोराला भिंतीवरच्या खडूच्या रेघेपाशी उभं केलं. दोन बोटं कमी भरला. चेंडू हातातच राहिला त्याच्या.

– एक क्रीडाप्रेमी, दादर, मुंबई