बधिर ओठाने दिलेले पाच स्टार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर माझी वरची दाढ ठणकू लागली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वयोमानामुळे दवाखाना बंद केलेला. लेकीने फोनवर शोधून दिला तो ४.९ स्टारचा, तीनशेहून जास्त रिव्ह्यू असलेला. जागा स्वच्छ, डॉक्टर मृदू बोलणारे, रूट कॅनॉल, म्हणजे दाढेच्या मुळातल्या नळ्या साफ करून भरणे, एका बैठकीत उरकले. पैसे भरताना काउंटरवरच्या मुलीने क्यूआर कोड पुढे केला, ‘‘काकू, पाच स्टार द्या ना, पुढच्या वेळी दातांची सफाई फ्री.’’ भूल उतरायची होती, ओठ बधिर होता. तरी मी लिहून दिले, ‘अजिबात दुखले नाही, उत्तम डॉक्टर.’

संक्रांतीला तिळाची वडी चावली आणि त्याच दाढेतून कळ गेली. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. वरच्या दाढेत पुष्कळदा एक चौथी, बारीक नळी असते. ती भरायची राहून गेली होती. ती सापडणे अवघड असते, असे त्यांनीच सांगितले, म्हणून पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पण माझी ती ओळ वाचून किती जण तिथे गेले असतील, हा विचार मनातून जाईना.

मग मी ते सगळे रिव्ह्यू वाचून काढले. बँकेत ३१ वर्षे सह्या पडताळल्या आहेत, नजर आपोआप बारकाव्यांकडे जाते. कौतुक होते ते एसीचे, वागणुकीचे, न दुखल्याचे. ‘सहा महिने झाले, दाढ ठीक आहे’ असे सांगणारे मला दोनच सापडले. बाकीचे लबाड असतील असे नाही. माझ्यासारखेच काउंटरवर उभे राहून लिहिणारे असतील. मिसळ बरी होती की नाही, ते ताटावरून उठतानाच कळते. दाढेचे, वकिलाने केलेल्या खरेदीखताचे किंवा सीएने भरलेल्या रिटर्नचे खरे रूप कळायला महिने, कधी वर्षे जातात.

मी रिव्ह्यू बदलून दोन स्टार केले. त्याच संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला, ‘रिव्ह्यू काढा, पैसे परत देतो.’ मी नकार दिला.

भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आणले. विकत घेतलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करू नयेत, असे त्यात आहे. पण नोव्हेंबर २०२२मध्ये ते लागू झाले ते ऐच्छिक म्हणून. सरकारने ते डॉक्टर, वकील, सीए यांच्या रिव्ह्यूंसाठी तरी सक्तीचे करावे आणि प्रत्येक रिव्ह्यूवर सेवा घेतल्याची तारीखही दाखवायला लावावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

माझा रिव्ह्यू अजून तिथेच आहे. उपचाराची आणि लिहिल्याची, अशा दोन्ही तारखा मी त्यात घातल्या आहेत.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)