थुंकी निगेटिव्ह आली म्हणजे टीबी नाही, असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२४ मार्चला क्षयरोग दिन, १ डिसेंबरला एड्स दिन. दोन्ही दिवशी लेख येतात, ठाण्यात-वाशीत फेऱ्या निघतात. पण टीबीच्या लेखात एचआयव्हीचे नाव नसते आणि एचआयव्हीच्या लेखात टीबीचे. माणसाच्या शरीरात मात्र हे दोन आजार एकमेकांच्या जिवावर वाढतात. ही गोष्ट वाचकांपर्यंत आणि गल्लीतल्या दवाखान्यांपर्यंत पोचत नाही, म्हणून हे पत्र.

टीबीचा जंतू श्वासातून आत गेला तरी बहुतेकांना आजार होत नाही. फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात, भोवती सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी) जमतात आणि त्या कोंडाळ्यात जंतू वर्षानुवर्षे अडकून पडतो. सीडी-४ पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचा निरोप पाठवत राहतात. तो मिळाला तरच मॅक्रोफेजला पोटातला जंतू मारण्याचे बळ येते. एचआयव्ही नेमक्या याच सीडी-४ पेशी संपवतो. कोंडाळे ढिले पडते आणि जंतू रक्तात उतरतो. एचआयव्ही नसलेल्या माणसात दडलेला टीबी उभ्या आयुष्यात उफाळण्याची शक्यता ५ ते १० टक्के असते. एचआयव्ही असून औषधे सुरू नसतील, तर जवळपास तेवढाच धोका दर वर्षी असतो.

उलट बाजूचे नुकसान कमी लोकांना माहीत आहे. टीबीशी झुंजताना शरीर टीएनएफसारखी दाहक रसायने सोडते. त्यामुळे सीडी-४ पेशी जाग्या होतात आणि जागी झालेली पेशी एचआयव्हीला अधिक सहज सापडते. शिवाय पेशीतले एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन सक्रिय होते. विषाणूच्या जनुकीय पट्टीच्या सुरुवातीला या प्रथिनाला बसायला जागा असतात. ते बसले की विषाणूच्या नव्या प्रती भराभर निघतात. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकारात अशा जागा सहसा तीन, तर युरोप-अमेरिकेतल्या ‘बी’मध्ये दोन असतात. परिणामी, टीबी झालेल्या एचआयव्ही रुग्णाचा व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) वाढतो आणि सीडी-४ आणखी घसरतात. एचआयव्ही नसलेल्या टीबीच्या रुग्णातही सीडी-४ काही काळ कमी दिसू शकतात, त्यामुळे त्या काळातल्या एकाच आकड्यावरून घाबरून जाऊ नये आणि त्या आकड्याची वाट पाहत एआरटी (एचआयव्हीवरची औषधे) लांबवूही नये.

खरी फसगत तपासणीत होते. टीबीमध्ये फुप्फुसात जी पोकळी पडते, ती मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या जोरकस लढाईमुळे. लढणाऱ्या पेशीच कमी असतील तर पोकळी पडत नाही, थुंकीत जंतू कमी उतरतात, एक्स-रेही कधी कधी स्वच्छ येतो. म्हणजे ज्याची प्रकृती सर्वांत खालावलेली, त्याचाच रिपोर्ट निर्धास्त करणारा! रबाळे-तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातला कामगार असो की वाशीच्या बाजार समितीतला माथाडी, रजा टाकून एकदा तपासणी केली आणि ‘निगेटिव्ह’ ऐकले की तो पुन्हा फिरकत नाही. मग लेव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या अँटिबायोटिकचा कोर्स दिला जातो. त्याने टीबी थोडा दबतो, ताप उतरतो आणि निदानाचे काही आठवडे हातचे जातात.

म्हणून एचआयव्ही असलेल्या व्यक्तीत नुसत्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीवर थांबू नये. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही जंतूची जनुके शोधणारी चाचणी करावी. सीबीनॅटचे यंत्र दोनेक तासांत निकाल देते आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही सांगते. नमुना पहाटेचा, साध्या पाण्याने चूळ भरून, छातीतून खोल खोकून काढलेल्या बेडक्याचा हवा. नुसती लाळ दिली तर महागडे यंत्रही व्यर्थ. मानेत गाठ असेल तर सुईने काढलेला नमुना पाठवावा. सीडी-४ २०० च्या खाली असतील आणि बेडका निघत नसेल, तर टीबीच्या जंतूचा अंश लघवीत शोधणारी लॅम चाचणी उपयोगी पडते. हाताच्या त्वचेत सुई टोचून करायच्या मॅन्टू चाचणीत एरवी १० मिलिमीटरचा फुगवटा पॉझिटिव्ह धरतात, इथे ५ मिलिमीटरच. आणि हातावर काहीच उठले नाही तरी टीबी नाही असा अर्थ निघत नाही, कारण तो फुगवटा उठवणाऱ्या पेशीच कमी झालेल्या असतात.

निदान झाल्यावर आधी टीबीची औषधे, मग दोन आठवड्यांच्या आत एआरटी. मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर मात्र एआरटी चार ते आठ आठवडे थांबून सुरू करतात, कारण तिथे अचानक वाढलेली सूज जिवावर बेतू शकते. यापुढची चूक मी सर्वांत गंभीर मानते. एआरटी केंद्रातून मिळणाऱ्या टीएलडी या तीन औषधांच्या एकत्रित गोळीत डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचे औषध ५० मिलिग्रॅम असते. रिफॅम्पिसिन यकृतातली विकरे वाढवून ते लवकर संपवते. म्हणून टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी घ्यावी लागते आणि रिफॅम्पिसिन संपल्यावरही ती आणखी दोन आठवडे चालू ठेवायची असते. टीबीची औषधे एका खिडकीवर, एआरटी दुसऱ्या इमारतीत, आणि खासगी डॉक्टरला एचआयव्हीविषयी सांगितलेलेच नाही, अशा स्थितीत ही दुसरी गोळी हमखास निसटते. टीबी बरा होताना दिसतो आणि तिकडे विषाणू डोके वर काढतो. ॲसिडिटीचे औषध, लोह, कॅल्शियम यांच्यामुळेही डोल्युटेग्राविर नीट शोषले जात नाही. त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर ते घ्यावे.

एआरटी सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत काहींना उलटेच वाटू लागते: पुन्हा ताप, गाठी वाढणे, धाप. घरचे म्हणतात, ‘गोळ्या बाधल्या, बंद कर.’ घडत असते ते वेगळेच. पुन्हा उभी राहिलेली प्रतिकारशक्ती उरलेल्या जंतूंवर एकदम तुटून पडते. याला आयरिस म्हणतात. औषधे बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याच दिवशी केंद्रात जावे. औषधाला दाद न देणारा टीबी तर नाही ना, हे डॉक्टर आधी तपासतात आणि गरजेप्रमाणे काही आठवडे दाह शमवणारे प्रेडनिसोलोन देतात. गोळ्या हातात देतानाच ही शक्यता दोन वाक्यांत सांगितली, तर कितीतरी जण उपचार सोडणार नाहीत.

टीबी नाही अशी खात्री झाल्यावर प्रतिबंधक उपचार घ्यावा: सहा महिने रोज आयसोनियाझिड हे टीबीचे औषध, हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत बी-६. इतर संसर्गांचेही भान हवे. जननेंद्रियावरच्या नागिणीच्या (हर्पिसच्या) किंवा सिफिलिसच्या जखमेत सीडी-४ पेशी गोळा होतात आणि एचआयव्हीला शिरकाव सोपा होतो. मलेरियाच्या तापात व्हायरल लोड तात्पुरता चढतो. पावसाळ्यात आपल्याकडे हे ध्यानात ठेवावे. हिपॅटायटिस बी असेल तर टीएलडीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन त्यालाही आवरून धरतात, त्यामुळे गोळी मनाने बंद केल्यास यकृताचा दाह भडकू शकतो.

एक विनंती. खोकला (एक दिवसाचा असला तरी), ताप, वजन घटणे, रात्री घाम फुटणे: एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला यांपैकी एकही लक्षण असेल तर टीबीची तपासणी, आणि टीबी निघालेल्या प्रत्येकाला संमती घेऊन एचआयव्हीची तपासणी. दोन्ही सरकारी केंद्रांत मोफत होतात आणि एचआयव्हीचा निकाल गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे. एवढा मजकूर आणि १०९७ हा हेल्पलाइन क्रमांक आपल्या ठाणे-नवी मुंबई पानावर चौकटीत छापावा, आणि तो वर्षातून दोनदा नव्हे, दर महिन्याला यावा.

आपली,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई