झिप लिहायला सांगा, पण याद्या असमान द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खान्देशातल्या संगणक शिक्षकांना एक विनंती आहे. पायथॉनचं झिप (अनेक याद्यांतले एकाच क्रमांकाचे घटक एकत्र जोडणारं फंक्शन) जावास्क्रिप्टमध्ये स्वतः लिहा, हा प्रॅक्टिकलसाठी उत्तम प्रश्न आहे. पण तपासताना दोन्ही याद्या सारख्याच लांबीच्या दिल्या, तर मॅप (यादीतल्या प्रत्येक घटकावर तीच क्रिया करणारी पद्धत) वापरून लिहिलेली एका ओळीची उत्तरंही पास होतात.

समजा, पहिल्या यादीत रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर आहेत. दुसरीत केळीचे भाव आहेत, पण यावलचा भाव आलाच नाही: १४००, १२५०, १३००. मॅप पहिल्या यादीच्या लांबीइतका चालतो, त्यामुळे मुक्ताईनगरपुढे 'अनडिफाइन्ड', म्हणजे मूल्यच नाही, असं येतं. पायथॉनचं झिप सर्वांत आखूड यादी संपली की थांबतं, म्हणजे मुक्ताईनगर गुपचूप गळतं. दोन्हीकडे चोपड्याचा १२५० यावलला चिकटतो, आणि ही खरी घातक चूक आहे. पायथॉन ३.१० पासून 'स्ट्रिक्ट' हा पर्याय आहे; तो चालू ठेवला तर लांबी जुळली नाही की एरर येते. पण कोणाचा भाव राहिला, हे तोही सांगत नाही. नसलेल्या भावाच्या जागी 'नल' (मुद्दाम ठेवलेलं रिकामं मूल्य) आधीच भरावा लागतो.

आता लिहायचं कसं? कितीही याद्या घेता याव्यात म्हणून रेस्ट पॅरामीटर (दिलेल्या सगळ्या याद्या एकत्र गोळा करणारा) वापरावा. मॅथ.मिनने सर्वांत लहान लांबी काढावी आणि शून्यापासून तिच्या एक अलीकडपर्यंत प्रत्येक यादीतला त्या क्रमांकाचा घटक गोळा करावा. एकही यादी दिली नाही तर मॅथ.मिन 'इन्फिनिटी' (अनंत) देतं आणि तेवढ्या लांबीचा अ‍ॅरे बनवायला गेलं की रेंज एरर येते. पायथॉन अशा वेळी रिकामा निकाल देतं, म्हणून यादी दिली आहे का, हे कोडने सगळ्यांत आधी पाहायला हवं.

सेट (क्रमांकाने घटक न देणारा संच) किंवा जनरेटर (मागितल्यावर एकेक घटक देणारं फंक्शन) दिला तर लेंग्थच नसते, मॅथ.मिनमधून 'नॅन' (संख्या नाही) निघतं आणि काहीही न सांगता रिकामी यादी मिळते. तिथे प्रत्येकाचा इटरेटर (घटक एकेक करून देणारा) घेऊन नेक्स्टने पुढचा घटक मागत जावं, कोणाचाही 'डन' खरा झाला, म्हणजे घटक संपले, की थांबावं आणि उरलेल्यांपैकी ज्यांना रिटर्न आहे ते इटरेटर त्याने बंद करावेत. एवढं जमलं तरच विद्यार्थ्याला झिप कळलं म्हणावं.

म्हणून तपासणीला निदान हे चार प्रकार ठेवावेत: पहिली यादी लांब, दुसरी लांब, एकही यादी नाही, आणि एका जागी जनरेटर.

आपला,
एक संगणक शिक्षक, भुसावळ